सौनापुढचा बाक

टॅपिओला, अप्पर मिशिगन
१६ नोव्हेंबर १९९६

प्रिय मार्टी,

तू जिथे असशील तिथे निदान कोरडा असशील, पायांत आईने विणलेले मोजे असतील आणि जहाजावरचा स्वयंपाकी बरा असेल, असं धरून चालते. हे पत्र डेट्रॉइटच्या टपालबोटीतून येऊन दोराला बांधलेल्या बादलीतून तुझ्यापर्यंत चढेल, असं आई म्हणाली. भिजलं तर मला दोष देऊ नकोस.

आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. बाबांची बर्फ लोटायची गाडी दोनदा रस्त्यावर आली आणि ते खूश आहेत, म्हणजे नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोलतात. काल हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता, त्यामुळे कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. आणि हो, सौनापुढे बाबांनी एक बाक केला आहे. दोन उन्हाळे झाले त्याला, पण तू पाहिलेला नाहीस, म्हणून तुझ्यासाठी नवाच. सौनाच्या गरम वाफेतून बाहेर आलं की ते त्याच्यावर बसून वाफाळत असतात.

आता खरी बातमी. आम्ही यंदा काँक्रीटची होडी करतोय!

गेल्या वर्षी कोणी पुढेच आलं नाही, कॉलेज होड्यांच्या स्पर्धेला गेलंच नाही. यंदा कार्ला बोड्रीने भिंतीवर कागद चिकटवले, सभा बोलावली, आणि सभेला आलेल्यांपैकी निम्मे फुकटच्या पिझ्झासाठी आले होते. त्यांतला डुएन केम्पा पिझ्झा संपल्यावरही बसून राहिला आणि आता माल कालवायचं काम त्याच्याकडे आहे. तुला तो आठवेल. दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा. तो बारक्या तराजूवर काचेचे पोकळ मणी मोजत बसतो, ते मणी पिठासारखे बारीक, एक शिंक आली की सगळं मुसळ केरात. पण परवा आमच्या मालाचा एक ठोकळा पाण्यात टाकला आणि तो तरंगला. सिमेंटचा ठोकळा, मार्टी! हे तू शंभरदा पाहिलं असशील. मी पहिल्यांदाच पाहिलं. घरी आल्यावर मी आईला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, तरंगला ना, मग आता तू जमिनीवर ये.

कप्तान कोण, ते विचारू नकोस. बरं, मीच आहे. तुझी जागा मी घेतली असं वाटून घेऊ नकोस. ती जागा घ्यायला रांग लागली नव्हती.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण होडीबद्दल लिहायचं आणि त्याबद्दल नाही, हे जमत नाही. बुडवण्याच्या परीक्षेत होडी काठोकाठ पाण्याने भरतात, दाबून खाली नेतात आणि सोडून देतात. तिने आपली आपण वर यायचं. तुझी आली नाही. ओढून काढताना तिचे दोन तुकडे झाले. शेवटचं सत्र राहिलं असताना तू त्या संध्याकाळी जो निघालास, तो सरळ खनिजाच्या जहाजावर. पुढे फोनवर आईला म्हणालास, "बाबा एक शब्द बोलले नाहीत. पाठ फिरवून चालायला लागले." आईने ते मला सांगितलं. बाबांना सांगितलं की नाही, माहीत नाही. त्यावर मला बरंच लिहायचं आहे, पण ते न लिहिण्याची मला ताकीद आहे.

तेव्हा फक्त एक विचारते, कप्तान म्हणून. तुझी होडी इतकी जड कशामुळे झाली? राग धर हवा तर, पण सांग.

तुझी, बर्फात अर्धी रुतलेली,
हेल्मी


टॅपिओला
९ फेब्रुवारी १९९७

प्रिय मार्टी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे दीपस्तंभ, मागे एवढंच: "भीतीने जाड केली. तुम्ही करू नका." अख्ख्या पावणेदोन वर्षांत आलेला तुझा हा पहिला मजकूर आहे आणि त्यात माझं नावसुद्धा नाही. तरी मी ते कार्ड लॅबच्या भिंतीवर लावलं आहे. पुढे वाच म्हणजे कळेल त्याने काय केलं.

तू हिवाळ्यात तिथेच गोदीत जहाजाची राखण करायला राहणार, हे आईकडून कळलं. जहाज पळून जाणार आहे का? असो. आमच्याकडे सगळे ठीक. पत्र्यावरचा बर्फ काढून काढून बाबांचे खांदे दुखतात, पण शनिवारची सौना चुकत नाही. बाहेर उणे वीस असलं तरी ते बाकावरचा बर्फ हाताने झाडतात आणि बसतात. नेहमी डाव्या टोकाला.

आता ऐक, आम्ही काय दिवे लावले ते.

पहिली होडी आम्ही जानेवारीत ओतली. थर्मोकोलचा साचा पालथा मांडून त्याच्यावर माल थापला, मधे जाळी, पुन्हा माल. झाली एकदाची. नवीन काँक्रीटला ऊब आणि ओल हवी, नेमका तेव्हाच लॅबचा बॉयलर बसला. प्राध्यापक लिंडक्विस्ट दुरुस्तीवाल्याला फोन करत राहिले. आम्ही हात चोळत उभे. तेवढ्यात डुएन म्हणाला, "ऊब आणि ओल. अरे, आपण राहतो कुठे?"

त्याने काकाच्या शिकारीच्या खोपटातली सौनाची शेगडी आणली, दगडांसकट. आम्ही होडीभोवती प्लास्टिकचा तंबू ठोकला, धुराडं खिडकीतून बाहेर काढलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुलाखालच्या, म्हणजे दक्षिण मिशिगनच्या पोरांना हे सुचेल का? आपल्या निम्म्या आज्या सौनात जन्मल्या, मग होडीनेच काय घोडं मारलंय?

सुरुवातीला बेतानेच चाललं होतं. पण तुला माहीत आहे, आपल्या लोकांना सौना कोमट ठेवताच येत नाही. एकाने म्हटलं अजून एक लाकूड, दुसऱ्याने म्हटलं दगडांवर अजून एक पळी पाणी. शेवटी आम्ही पोहायच्या कपड्यांत होडीच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो आणि डुएन शेगडीवर सॉसेज भाजत होता. मी इतकी मजेत होते की मला वाटलं, हेच खरं इंजिनिअरिंग.

मग आवाज आला. टक्.

आतला थर्मोकोल उष्णतेने फुगला आणि कोवळ्या काँक्रीटला त्याने आतून तडकवलं. मधापासून टोकापर्यंत चीर, बोट जाईल एवढी. डुएनच्या हातात सॉसेज तसंच. कार्ला घराण्याने फ्रेंच, तिला सौनात दहा मिनिटांवर बसवत नाही, ती तेवढी शांतपणे म्हणाली, "तुम्ही फिनलोकांनी होडी उकडली."

मी घरी येऊन रडले. खरं सांगते. जेवणाला मांस-बटाटा भरलेली पेस्टी होती, ती तशीच ठेवली. बाबा एकदा माझ्याकडे बघून बाहेर गेले आणि सौना पेटवून आले. त्यांचं बोलणं म्हणजे एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काचेचे मणी दुसऱ्या होडीला पुरतील एवढे उरलेच नव्हते. मागवलेले वेळेत येईनात. लिंडक्विस्ट म्हणाले, थोडी वाळू मिसळा, नाहीतर यंदा राहू द्या, कोणी काही म्हणणार नाही. वाळू म्हणजे वजन. वजन म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको. मला भिंतीवरचं तुझं कार्ड दिसत होतं. मी म्हटलं, आहे त्याच मालात करायची. पातळ करायची. करंगळीएवढी जाड होती ती, आता बिस्किटाएवढी. डुएन म्हणाला, "फुटली तर?" मी म्हटलं, फुटली तर फुटली, पण घाबरून बुडवायची नाही.

मग पुन्हा साचा, पुन्हा जाळी. सगळे एकदम हात लावून होते आणि कार्ला दात कोरायची काडी घेऊन जागोजाग टोचत फिरत होती. काडीवरच्या खुणेच्या वर माल गेला की ती कोणाचीही भीड न ठेवता ओरडायची. या वेळी वर ओलं गोणपाट आणि साधी ऊब. डुएनला शेगडीपासून लांब, थर्मामीटरपाशी बसवलं होतं. आता साचा निघेल, मग पॉलिश पेपर घेऊन महिनाभर घासायचं, घासून बोटांचे ठसे जातील.

ती रीत तुझ्या लक्षात आहे ना? मागच्या होडीचा मूठभर चुरा नव्या मालात घालायची. आजी दह्याचं विरजण जपायची तशी. तुझ्यानंतर पोरं म्हणायला लागली, बुडालेल्या होडीचं विरजण लावायचं नसतं, आणि रीत मोडली असंच सगळे धरून चालले. तर मी शेवटच्या घमेल्यात मूठभर चुरा टाकला. तुझ्याच होडीचा. टीमला अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील, आणलास कुठून, ती तर तिथल्याच राडारोड्यात गेली. म्हण. पण आता तू समज, आमची बुडाली तर तुझीही दुसऱ्यांदा बुडेल आणि ते पाप माझ्या माथी. मला झोप लागत नाही ती ह्याने.

होडीचं नाव 'पेन्की' ठेवलंय. सौनातल्या बाकाला आजी म्हणायची तोच शब्द. डुएनला वाटतं, त्याच्या शेगडीच्या आठवणीखातर. वाटू दे बिचाऱ्याला.

सिमेंटच्या हातांनी,
तुझी हेल्मी


टॅपिओला
२० एप्रिल १९९७

प्रिय मार्टी,

रीतसर सगळं आधी. आम्ही ठीक, तू ठीक असशील, बर्फ अजून खिडकीच्या खाली आहे. तू नेहमी पत्राचा शेवट आधी वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून निकाल शेवटी लिहीत नाही. मधे कुठेतरी आहे, शोध.

बाबा आमच्याबरोबर आले. म्हणाले, ट्रेलर ओढायला माझाच ट्रक लागेल. कॉलेजचा ट्रक होता, तो आम्ही तिथेच उभा ठेवला. पूल ओलांडून खाली गेलो तर तिकडे हिरवळ, पोरं अर्ध्या बाह्यांत. एका टीमच्या पोराने विचारलं, तुमच्याकडे वीज आली का? कार्लाने सांगितलं, आली, पण आम्ही ती होडी उकडायला वापरतो. ही गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. आमची होडी पाहायला लोक येत, काठावर बोट ठेवत आणि मान हलवत. इतकी पातळ कोणाचीच नव्हती. एक परीक्षक मला म्हणाला, "मुली, ही होडी आहे की ताटली?" मला हसू आलं, आणि तो वळल्यावर मी काठाची जाडी पुन्हा बोटांनी चाचपून पाहिली.

मग बुडवायची पाळी आली.

डुएन आणि मी कमरेएवढ्या पाण्यात. बाकीच्या टीमचे दात वाजत होते, आपण बर्फात भोक पाडून उड्या मारणारे, आपल्याला काय. पण माझेही वाजत होते, थंडीने नव्हे. बादल्यांनी पेन्की भरली. काठोकाठ आली. परीक्षकाने खूण केली, आम्ही दाबली आणि ती निमूट खाली गेली. पाणी गढूळ झालं. काही दिसेना. हात काढून उभं राहायचं असतं, तसे राहिलो. मार्टी, मला तुझा चेहरा आठवला. तू तेव्हा पाण्याकडे ज्या नजरेने बघत होतास, ती नजर मी काठावरून पाहिली होती, आता ती कुठून येते ते कळलं. डुएन ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता, बहुतेक प्रार्थना, तो वर्षातून एकदा चर्चला जातो. काही नाही. अजून काही नाही.

आणि मग माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं.

खालून, हळूच. आधी मागचं टोक वर आलं, मग मधला भाग, मग सगळी पेन्की, पाण्याने भरलेली, माझ्यासमोर तरंगत होती. वर आली, मार्टी! आपली आपण वर आली, तुझ्या चुऱ्यासकट! डुएनने मला उचलून पाण्यात फेकलं. कार्ला काठावर धाय मोकलून रडत होती, जिने आख्खा हिवाळा कोणाला दया दाखवली नाही. मी तिथेच सगळ्यांना चुऱ्याचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं चिडतील. डुएन म्हणाला, "मग रीत मोडली कुठे?" शर्यतीत आम्ही मुलींमध्ये तिसऱ्या आलो, टीम एकूणात पाचवी, आणि ते मी तुला सांगायला जवळजवळ विसरले होते.

मी पाण्यातूनच बाबांना शोधलं. ते काठावर होते, बर्फगाडीची टोपी घालून. माझी नजर गेली तेव्हा ते वळले होते आणि पाठ करून चालायला लागले होते. एक शब्द नाही.

तीच पाठ. तू पाहिलीस ती.

ते ट्रक आणायला चालले होते, मार्टी. होडी पाण्यातून काढली की चढवायला ट्रक जवळ हवा, म्हणून. माणसं ओरडत-नाचत असतात तेव्हा बाबांना हेच सुचतं, की आता ट्रक लागेल. तुझ्या वेळीही ते ट्रकच आणायला गेले होते. ट्रक मागे घेत घेत पाण्यापाशी आले, तोवर तू निघून गेला होतास. मी तिथे होते. पोरं तुकडे राडारोड्यात टाकणार होती. बाबा म्हणाले, "फेकायचं नाही. काम चांगलं आहे." मग त्यांनी आणि मी मिळून एक अर्धा तुकडा ट्रकमध्ये चढवला. त्यांनी आपलं जाकीट काढून त्याच्यावरचा चिखल पुसला. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत, आल्यावर एवढंच म्हणाले, की मार्टीला सांगू नकोस, त्याला वाटेल बापाने त्याची हार अंगणात मांडून ठेवली.

तोच सौनापुढचा बाक. पालथा घातलेला तुझा अर्धा तुकडा, खाली देवदाराचे दोन ओंडके. आता कळलं ना, चुरा कुठून आला. मी जानेवारीत हातोडी घेऊन त्याच्यापाशी गेले, तर बाबा मागे उभे. मला वाटलं, आता मिळाली बोलणी. ते म्हणाले, "फुटक्या कडेचा घे. बसायच्या जागेला हात लावू नको." आणि मला गोळा करायला आपली टोपी धरली.

परत येताना पुलापर्यंत ते गप्प होते. मागे पेन्की, टीम दुसऱ्या गाडीत, ट्रकमध्ये आम्ही दोघंच. पुलावर वारा होता, त्यांनी वेग कमी केला. मी म्हटलं, बाबा, आता मार्टीला सांगू का? पूल संपला, टोलनाका गेला, मला वाटलं ऐकलंच नाही त्यांनी. मग म्हणाले, "सांग."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बाक लांब आहे म्हणावं. मला एकट्याला एवढा लागत नाही."

त्यांनी एका दमात इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते आवडत नाही. नंतर पाहिलं तर तेही रस्त्याकडे जरा जास्तच निरखून बघत होते.

तुझं जहाज मार्केट गावच्या धक्क्याला खनिज भरायला लागतं, ते दिवसभर लागलेलं असतं. तू गेल्या वर्षी तिथवर चार वेळा आलास. जहाजांच्या बातम्या पेपरात येतात आणि आई त्या वाचते, मोठ्याने, आपल्याशीच. तिथून घर दोन तासांवर आहे. तू निरोप दे, ट्रक धक्क्यावर येईल. चालवणारा फार बोलणार नाही, ते मनावर घेऊ नकोस. त्याचं बोलणं म्हणजे ट्रकच.

बाबा डाव्या टोकाला बसतात, दोन वर्षं तिथेच, कडाक्याच्या थंडीतही मधे सरकले नाहीत. मला वाटायचं सवय आहे. आता विचार करते तर उजवं टोक त्यांनी कधी कोणाला दिलं नाही, मलासुद्धा नाही. शनिवारी सौना तापते. टॉवेल आणू नकोस, तुझा खुंटीवरच आहे.

मधोमध बसलेली,
उजवं टोक तुझ्यासाठी राखून,
हेल्मी